तिची घड्याळं, माझं नाव

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — रंजनाला तर नाहीच. नीट सांगता येईल असंही नाही, म्हणून आधी आकडे सांगतो. जवाहरनगरच्या आमच्या क्वार्टरात चावीची जुनी मनगटी घड्याळं आहेत चौदा. त्यातली बारा माझ्या बायकोनं, रंजनानं, शोधून आणलेली. तिला मोठी डायल आवडते. अडतीस मिलिमीटरच्या खालचं ती हातात घेत नाही.

आणि लोक? भंडाऱ्यातला दुकानदार अजून तिच्यापुढे नखाएवढ्या डायलची सोनेरी घड्याळं सरकवतो. तिनं मोठं मागितलं की मलाच विचारतो, "साहेब, तुमच्यासाठी ना?" लग्नघरी बाया तिचं मनगट धरून हसतात, "भाऊजीचं घालून आली का वो?" संताप यायचा मला. अजून येतो. बाईला वेळ बारीक अक्षरातच पाहावी लागते का?

पण संतापायचा हक्क मला — मला कुठून आला?

नागपूरच्या घड्याळशौकिनांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी आहे. तिथे मी तिच्या घड्याळांचे फोटो टाकायचो. माझी म्हणून. वाहवा व्हायची, ती गोड लागायची. एकदा ती म्हणाली, "मलेबी घ्या ना जी त्या ग्रुपमधी."

मी म्हणालो, "बायांले घेत नाहीत तिथं."

असा नियम नव्हता. कुणीच केला नव्हता. तो मी केला — तिथल्या तिथे, चहा पिता पिता.

"काहून? बायांचं मनगट मनगट नाही का?" ती भडकली. त्या माणसांच्या नावानं तिनं घरातच वाट्टेल ते सुनावलं. आणि मी? मीही तिच्या सुरात सूर मिसळला! पुढे ग्रुपमधल्या एकानं सहज विचारलं, वहिनीलेबी शौक हाय का? मी लिहिलं — नाही, तिला नाजूक लेडीज घड्याळंच आवडतात.

बायांना घेत नाहीत हे ऐकल्यापासून तिनं एकही नवीन घड्याळ आणलेलं नाही. "दाखवू कोणाले?" म्हणते. दार त्यांनी लावलं, असंच ती आजही समजते.

परवाच्या रविवारी ग्रुपची बैठक होती. मी निघालो, तर तिनंच स्वतःचं सगळ्यात आवडतं घड्याळ काढलं, चावी दिली, माझ्या हातावर बांधलं. "दाखवा त्यायले," म्हणाली. "अन् सांगा, बायकोचं हाय."

सगळ्यांनी ते हातात घेऊन पाहिलं. कुणाचं, म्हणून विचारलं.

मी म्हणालो, माझं.