डिस्कला लावलेलं ऑईल

ट्रॅक्टरच्या मागे लोखंडी दांड्यानं जोडून गाडी आणली. जुनी पांढरी मारुती. पुढच्या बंपरात जळणासाठी रचलेल्या कापसाच्या पऱ्हाट्या अडकलेल्या. ट्रॅक्टरवरून आबा उतरले आणि गाडीतून त्यांची मुलगी सुनीता. तिचे डोळे सुजले होते.

आमचे हे हिंगोलीला सामान आणायला गेले होते. गॅरेजात मी एकटीच. हे असले की गिऱ्हाइकाशी तेच बोलतात, मी मागं काम करते. लग्न झाल्यापासून पाने-पकडी हातात आहेत, पण परक्या माणसासमोर माझी मान खालीच जाते.

मिस्त्री नाहीत म्हटल्यावर आबा निघालेच होते. सुनीता म्हणाली, "वहिनी बघतील की."

"बघून काय करतील? मला इकायचीच हाय," आबा म्हणाले.

हकीकत अशी. सुनीता नर्स. तिचं उपकेंद्र आडवळणाला. जीप मिळाली तर मिळाली, नाहीतर पायी. म्हणून तिनं ही गाडी घेतली. तेव्हा आमच्या गोरेगावात बाई गाडी चालवते म्हटलं की पानटपरीवरची माणसं उठून बघायची. पावसाळ्यात त्यांच्या आखाड्यावरून, म्हणजे शेतातल्या घरून, काळ्या चिखलातून गाडी निघत नाही, म्हणून ती शेडमध्ये उभी होती. वाट वाळल्यावर सुनीतानं बाहेर काढली. पहिल्याच वळणावर ब्रेक दाबला आणि गाडी थांबलीच नाही. मागचे ब्रेक थोडे धरले म्हणून पऱ्हाट्यांच्या ढिगात घुसण्यावरच भागलं. भावकीत बोलणं सुरू झालं, पोरीला ब्रेक न् रेस कळत नाही. आबांनी ते मनावर घेतलं. गाडी जाणार होती, आणि गाडीसोबत नोकरीही, कारण तिचं इतकं पायी जाणं आता आबांना नको होतं.

मी जॅक लावला. पेडल घट्ट होतं, ब्रेक ऑईल गळत नव्हतं. पुढचं चाक काढलं.

पुढच्या चाकाच्या आत ताटासारखी लोखंडी डिस्क असते. ती चाकासंगं फिरते. ब्रेक दाबला की दोन बाजूंचे पॅड तिला चिमट्यासारखे धरतात, त्या घासण्यानं गाडी थांबते. मागचे ब्रेक डब्यात बंद असतात; डिस्क मात्र उघडी असते, म्हणून तिला गंज धरतो. गाडी धुऊन ठेवली तरी सकाळी तांबूस दिसते. त्या गंजाला घाबरायचं नाही. दोन-चार ब्रेक मारले की पॅडच तो काढून टाकतात.

इथं मात्र उलटं होतं. हात पोचत नाही त्या आतल्या बाजूला गंज, आणि बाहेरची बाजू काळी, ओलसर, चमकणारी. बोट लावून वास घेतला. ट्रॅक्टरचं जळकं ऑईल.

पावसाळ्यात गाडी कोणी सांभाळली, असं विचारलं. आबांचा चेहरा खुलला.

"म्याच. खाली इटा देल्या, चाकं काढून घरात ठिवली. वखराच्या लोखंडी पाशीला लावतो तसं समद्या लोखंडाला ऑईल चोपडलं. गंजाचा ठिपका दिसतो का बगा."

ट्रॅक्टरवर त्यांचा पुतण्या बसलेला. त्याच्यासमोर ह्या माणसाला काय सांगू? आणि नाही सांगितलं तर दोष पोरीच्या माथी.

मी म्हटलं, "आबा, जरा हात लावता का? डिस्क अंगठ्यात न् बोटात दाबून धरा. मी फिरवते."

त्यांनी धरली. मी सावकाश फिरवली. डिस्क त्यांच्या बोटांतून सरकत गेली. त्यांनी जोर लावला, तरी सरकली.

मग पेट्रोलच्या फडक्यानं पुसली, साबणाच्या पाण्यानं धुतली, कोरडी केली. आतला गंज एमरी पेपरनं घासला. तो वरवरचा होता. खोल खड्डे असते तर डिस्क हिंगोलीला लेथवर घासावी लागली असती, नाहीतर नवीनच.

"आता धरा."

या वेळी मला फिरवता येईना. आबा बोटांकडे बघत राहिले. पुतण्या हसला तसं ते त्याच्याकडे वळले.

"दात काहून काढून राहिला? पोरीनं ब्रेक बराबर दाबला व्हता. म्या त्याला निसटतं केलं." मग सुनीताला म्हणाले, "तुही काई चूक न्हाई, माय."

दुसऱ्या चाकाचंही तसंच केलं. पॅड ऑईल प्याले होते, ते कितीही घासले तरी कामाचे नव्हते. फळीवर नवीन होते, ते बसवले. ग्रीस लावलं, पण ज्या पिनांवर पॅडचा चिमटा सरकतो तिथंच, आणि कुठं लावलं ते आबांना दाखवलं. हे आल्यावर ह्यांनी गाडी सेनगाव रोडला फिरवून आणली. मग चावी माझ्या हातात ठेवली. म्हणजे काम ठीक. मी ती सुनीताला दिली. नवीन पॅड डिस्कवर घासून नीट बसेपर्यंत दमानं चालव, एवढं सांगितलं. आबा ट्रॅक्टरवर न चढता तिच्या शेजारी जाऊन बसले.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाला आबा एकटेच आले. ऑईल नको, तर मग काय करायचं? मी म्हटलं, गाडी मधूनमधून शेडमध्येच पुढं-मागं करा आणि ब्रेक मारा.

"म्हंजे बैलावाणी पाय मोकळे करायचे."

पण त्यांना गाडी येत नव्हती. सुट्टीच्या दिवशी सुनीतानं शिकवली. पुढं जेमतेम दोन हात, मागं दोन हात, आणि ती शेजारी बसून ओरडणार. त्या साली डिस्कवर नुसती तांबूस झाक आली, पहिल्या फेरीतच गेली.

लोखंड तेलानं टिकतं, हे खरं. ब्रेक मात्र वापरानंच टिकतो.