बातमीतलं पहिलं नाव

आमच्या कॉलेजच्या आयटी विभागाच्या बातम्या वेबसाइटवर मीच टाकतो. आधी अध्यक्ष, मग प्राचार्य, मग पाहुणे, आणि जागा उरलीच तर 'विद्यार्थ्यांनी परिश्रम घेतले'. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं आणि मला त्यात काही खटकत नव्हतं.

एका सकाळी पाथर्डीकडची एक बाई लॅबच्या दारात चपला काढून आत आली. ऊसतोडीनं तळहात काळे पडलेले. तिनं मोबाईल माझ्यासमोर धरला. प्रोजेक्ट स्पर्धेतल्या बक्षिसाची माझीच बातमी होती. ओळींवरून बोट फिरवत तिनं एकेक नाव मोठ्यानं वाचलं, अगदी आभार मानणाऱ्यापर्यंत.

"माझ्या पोरीचं न्हाई ह्यात. मग बक्षीस कुनाला भेटलं?"

"मावशी, बातमी लिहायची एक पद्धत असते."

"आसंल. पर प्रोजेक्ट पद्धतीनं न्हाई केला, माझ्या पोरीनं केला."

उद्या बघतो, म्हणालो. तिनं खुर्ची ओढली आणि पिशवी मांडीवर घेतली. "मी बसते हितं. तुमी लिवा."

शेवटी मी खाली एका ओळीत नाव घातलं. तिनं स्क्रीनवर बोट ठेवलं. "वर घ्या. अध्यक्षाच्या बी वर."

घेतलं. तेव्हापासून प्रत्येक बातमी मी विद्यार्थ्याच्या नावानंच सुरू करतो. परवा प्राचार्यांनी बोलावून दरडावलं, "हा क्रम कोणी बदलला?"

"एका बाईनं," मी म्हणालो. "तिचं नाव विचारायचं राहिलं, सर. पण क्रम आता हाच राहील."