फुल फ्रेम आणि दोन आत्या

आधी हातातला चहा खाली ठेवा बघू. हा किस्सा ऐकताना माझ्या मेव्हण्याच्या नाकातून चहा आला होता, आणि शर्ट त्यानं माझ्याच बायकोकडून धुऊन घेतला! काय सांगू, मी असा गाढवपणा करून ठेवलाय की मुरबाडच्या एसटी स्टँडवर अजूनही लोक मला बघून बोटांचा गोल करून डोळ्याला लावतात.

मुरबाडात घराच्याच पुढच्या खोलीत माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, साखरपुडे, सगळं इतकी वर्षं क्रॉप सेन्सरच्या कॅमेऱ्यावर काढलं. क्रॉप म्हणजे काय, तर कॅमेऱ्याच्या आतला फोटो पकडणारा चौकोन लहान असतो, म्हणून फोटोत माणसं कमी मावतात. फुल फ्रेमचा चौकोन मोठा, माणसं जास्त मावतात. एवढंच!

पण आमच्याकडे एका ओटीवर अख्खी भावकी उभी राहते ना! ती मावावी म्हणून फोटोग्राफरनं मागं मागं सरकायचं. एका लग्नात मी असा सरकत सरकत थेट गाईच्या गव्हाणीत जाऊन बसलो. गाय बिचारी बाजूला झाली. वऱ्हाड मात्र पंगत उठेपर्यंत हसत होतं.

त्याच दिवशी ठरवलं, आता फुल फ्रेम घ्यायचा!

बायको म्हणाली, "हाय त्या कॅमेऱ्याला काय धाड भरलीय? जरा मागं बघून चाला की!"

"तुला नाय कळायचं त्यातलं," मी म्हणालो. हे वाक्य लक्षात ठेवा हं.

कल्याणला जाऊन कॅमेरा घेतला. दुकानदार म्हणाला, "काका, लेन्सपण नवी घ्या. तुमची जुनी लेन्स क्रॉपची आहे." म्हटलं, झालं! आता हा लेन्सपण गळ्यात मारणार. "जुनी चढते ना ह्याच्यावर? मग बास," म्हणालो आणि निघालो.

घरी येऊन जुनी लेन्स चढवली, तर स्क्रीनवर अक्षरं आली, 'क्रॉप मोड चालू'. माझं डोकंच फिरलं! अरे, फुल फ्रेम घेतला तो काय क्रॉप करायला? सेटिंगमध्ये शिरलो आणि ते बंद करून टाकलं. कॅमेरा बिचारा आपण होऊन माझी अब्रू वाचवत होता, पण मला कळेल तर ना!

पहिलंच काम आलं ते वैशाखरे गावच्या बारकूभाऊंच्या मुलीचं लग्न. भाऊंना दोन बहिणी. ठकूआत्या शहापूरला दिलेली, जनीआत्या मुरबाडला. बऱ्याच वर्षांपूर्वी एका लग्नात नवरीला पहिली हळद कोणी लावायची यावरून दोघींचं वाजलं, ते तेव्हापासून बोलणं बंद. एक मांडवात आली की दुसरी चुलीकडं जायची.

भाऊ मला बाजूला घेऊन म्हणाले, "अल्बम कसापण कर. पण माझ्या दोनी बहिणी एका फोटूत पायजेत. मी त्यांना लय मिनतवारीनं तयार केलंय. एक या टोकाला उभी राहील, दुसरी त्या टोकाला. तेवढा फोटू नीट काढ रे बाबा, ओटीवर लावायचाय." त्यांचे डोळे भरले होते. मलाही भरून आलं.

"भाऊ, काळजीच नको. फुल फ्रेम आहे!"

दिवसभर काय भाव खाल्ला म्हणून सांगू! नवरा-नवरीचे जवळून काढलेले फोटो झकास येत होते. मग आला तो ओटीवरचा फोटो. लेन्स पार रुंद केली, डोळा लावला, तर कोपऱ्यांत काळं काळं दिसलं. मला वाटलं, नवीन चष्म्याची कड आडवी येतेय. चष्मा वर केला आणि दाबलं बटण. मागं एक पाऊलही सरकायला लागलं नाही! मी इतका खूश की दुसऱ्या दिवशी सकाळी तो फोटो नीट न बघताच त्यांच्या घरच्या ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, 'सर्व परिवार, फुल फ्रेममध्ये'.

फोन वाजला. ठकूआत्या!

"मेल्या, त्या जनीनं काय चारलं तुला? मला काळी केलीस ती?"

ठेवतोय तोच जनीआत्या. "शहापूरवालीनं सांगितलं ना तुला, हिला काळी कर म्हणून? थांब, येतेच मी!"

फोटो उघडला आणि तेव्हा कुठं घोटाळा कळला. क्रॉपच्या लेन्सचं चित्र लहान पडतं, ते ह्या मोठ्या चौकोनाला पुरतच नाही. नळकांड्यातून बघावं तसा मधे गोल, त्यात झाडून सगळी भावकी. आणि दोन्ही टोकांना नुसता काळोख! एकीकडे ठकूआत्याच्या पदराचा काठ, दुसरीकडे जनीआत्याच्या हिरव्या बांगड्या. बाकी दोघी गायब.

जनीआत्या रिक्षातून उतरली तेव्हा ठकूआत्या शहापूरच्या जीपमधून उतरत होती. दोघी एकदमच दारात! मी टेबलाखाली जागा शोधत होतो.

दोघींनी मोठ्या स्क्रीनवर फोटो पाहिला. मग ठकूआत्या हळूच म्हणाली, "अगो जने... तुला पण?"

"मला पण गो ठके!"

इतक्या वर्षांनी पहिला शब्द! मला वाटलं, आता गळ्यात पडतील. पण आधी दोघी वळल्या माझ्याकडं.

"दोनी आत्यांच्या तोंडाला एकदम काळं फासलंस रे!"

"एका ताटात जेवल्या नसतील, त्या ह्याला बडवायला एकत्र आल्या," आतून बायको म्हणाली. वर चहा कोणाला दिला? त्यांना!

लाजेनं अर्धा झालो होतो. पाया पडून म्हटलं, पाचपरतावणाला नवरी माहेरी येईल, तेव्हा त्याच साड्या नेसा, फोटो पुन्हा काढतो.

वैशाखऱ्याला गेलो. क्रॉप मोड मुकाट्यानं चालू केला होता. पण आता टोकाला उभं राहायला दोघीही तयार नाहीत!

"कोपऱ्यात माणूस काळा होतो. मी मधी!" ठकूआत्या.

"मग मी काय काळी होऊ? मीपण मधी!" जनीआत्या.

दोघी मधोमध खांद्याला खांदा लावून उभ्या. ठकूआत्यानं जनीआत्याचा पदर सारखा केला. बारकूभाऊ डोळे पुसायला लागले. खरं सांगतो, इतकं बरं मला कुठल्याच लग्नात वाटलं नव्हतं.

"आणि कोपऱ्यात कोण?" मी विचारलं.

"तू!" दोघी एकदम.

कॅमेरा तिवईवर चढवला, टायमर लावला आणि धावत जाऊन टोकाला उभा राहिलो. क्रॉपमध्ये माणसं कमी मावतात, हे सुरुवातीला मीच तुम्हाला सांगितलं ना? धावताना मला ते आठवलं नाही.

दोघींनी तिथंच स्क्रीन बघितली. "आमी दोघी आलो ना? मग बास! आता परत नाय उभं राहायचं."

तो फोटो आज वैशाखऱ्याच्या ओटीवर लागलाय. मधे दोघी आत्या हसतायत, सगळी भावकी आलीय. अगदी टोकाला एक कोपर आणि एक चप्पल आहे. आलेला प्रत्येक पाव्हणा विचारतो, "हे अर्धं कोण हो?"

आणि दोघी आत्या एका सुरात सांगतात, "फुल फ्रेमवाला!"