लाइनीवर कोण आहे?

फोन उचलला की बाई आधी काहीच बोलत नसत. श्वास रोखून ऐकत आणि मग दरडावत, "लाइनीवर कोण आहे? खाली ठेवा!"

रत्नागिरीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंककॉल जोडण्यात त्यांचा जन्म गेला होता. अर्ध्या गावाने हा ओरडा कधी ना कधी खाल्लेला. गावाची गुपितं त्यांच्या कानांवरून गेली, तोंडातून एकही निघालं नाही. अशी माणसं तुमच्याही शेजारी असतील. त्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही, कारण ती कोणाबद्दल बोलत नाहीत.

निवृत्तीनंतर बाई चिपळूणच्या एका साप्ताहिकासाठी शब्दकोडं रचू लागल्या. कोडं आणि उत्तरं हाताने लिहीत आणि स्कॅन करून घरच्या संगणकावरून ईमेलने पाठवत. टाइप करायचा तो फक्त पासवर्ड.

काही महिन्यांनी चमत्कार सुरू झाला. दर आठवड्याला सगळी उत्तरं अचूक पाठवणारे एकच गृहस्थ निघू लागले: आमच्या साहित्य मंडळाचे अध्यक्ष. हार घालून घ्यायला त्यांना मान वाकवावी लागत नसे. ती कायम त्याच कोनात असे. आपल्या शब्दवैभवावर ते भाषणं देऊ लागले. इकडे संपादकांचा बाईंना फोन आला, "उत्तरं तुमच्याकडून फुटतायत. दिवाळी अंकातही असंच झालं, तर कोडं बंद करावं लागेल."

त्या दिवशी भिंतीपलीकडून कुकरची शिट्टी ऐकू आली नाही, म्हणून मी डोकावलो.

"माझ्याकडून बाहेर गेलं म्हणतो," बाई एवढंच म्हणाल्या. "माझ्याकडून!"

मी पासवर्ड बदलायचा सल्ला दिला. त्यांनी बदलला. अध्यक्ष पुन्हा अचूक.

"अरे, बदलून काय उपयोग? मी नवीन सांगत्ये तेव्हाच कोणीतरी ऐकतोय. लाइनीवर आहे तो."

तेव्हा मला कुठेतरी वाचलेलं आठवलं. दाबलेली प्रत्येक कळ गुपचूप टिपून बाहेर पाठवणारे प्रोग्रॅम असतात. बाईंचा संगणक अध्यक्षांच्या भाच्याच्या दुकानातला. दुरुस्तीलाही तोच येई.

"कळा ऐकतो म्हणतोस. माऊस ऐकतो का?"

"बहुतेक नाही."

"मग झालं की! तोंड फिरव तिकडे."

मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. बाईंनी नवं खातं उघडलं. पद्धत नंतर त्यांनीच सांगितली. शेवटचं अक्षर आधी टाइप करायचं. मग माऊसने शेजारच्या कोऱ्या पानावर जाऊन चार फालतू अक्षरं बडवायची. माऊसनेच परत येऊन पहिल्या अक्षराची जागा गाठायची, ते भरायचं, की पुन्हा फालतू. ऐकणाऱ्याच्या कानात नुसता बाजार!

खरी उत्तरं नव्या खात्यातून गेली. जुना पासवर्ड मात्र सरळ, सावकाश टाइप करून त्या खात्यात त्यांनी दुसरा कागद ठेवला. त्यातली उत्तरं सगळी बरोबर, एक सोडून. तो कोपऱ्यातला आडवा शब्द होता, दुसऱ्या कशालाच न छेदणारा. शोधसूत्र: 'जहाजांना वाट दाखवणारा, चार अक्षरी.' समुद्राकाठच्या गावात 'दीपस्तंभ' कोणाला शोधावा लागत नाही. हे सगळं त्यांनी चिपळूणला जाऊन संपादकांना समोरासमोर सांगितलं. फोनवर नाही.

दिवाळी अंकाचा प्रकाशन समारंभ रत्नागिरीतच झाला. अध्यक्षस्थानी अर्थातच अध्यक्ष. निकाल सांगायला बाई माइकवर आल्या.

"यंदाही अध्यक्षांची उत्तरं आली आहेत. आडवा सात त्यांनीच वाचावा, अशी विनंती."

संपादकांनी त्यांचाच कागद पुढे केला. अध्यक्षांनी चष्मा लावला, घसा खाकरला आणि सभेला शोभेल अशा आवाजात वाचलं,

"खालीठेवा."

मग आपण काय वाचलं ते त्यांना ऐकू आलं. सभागृहात जे हसू फुटलं, त्यात एक्स्चेंजचा ओरडा खाल्लेली दोन पिढ्यांची माणसं होती.

"ठेवताय ना?" बाईंनी विचारलं.

अध्यक्षांनी कागद खाली ठेवला. मानही.

कोडं बाईंनी शेवटपर्यंत चालवलं. त्या गेल्यावर त्यांच्या मुलीने मला बाईंचं ते नवं खातं उघडायला बसवलं. आईची राहिलेली कोडी तिला हवी होती. मी बराच खटपटलो. भाचाही आला, या वेळी खरंच मदतीला. त्यालाही जमलं नाही. शेवटी मुलगीच हसली, डोळे पुसत म्हणाली, "राहू दे. आईने कोणाला ऐकू दिलंय कधी?"

पासवर्डच्या रिकाम्या चौकटीत रेघ लुकलुकत होती. लाइन चालू होती, आणि लाइनीवर कोणी नव्हतं.