नजर काठीच्या शेंड्यावर

दुपारचं जेवण झालं की मला डुलकी लागते, आणि डुलकीत मैदान दिसतं. एकाच मैदानाला दोन गावं असतात. इकडच्या गोलामागं मलायातली रबराची झाडं धुक्यात ओळीनं उभी, तिकडच्या गोलामागं आपलं सोलापूर, किल्ल्याचा बुरूज, तळं, गिरणीचं धुराडं. मी बॉल घेऊन पळत असतो आणि वर बघत असतो. वर काठीचा शेंडा हलत असतो. घरातले म्हणतात, म्हातारा झोपेत लाथा मारतो. मारतो तर मारतो! तुमचं काय जातं?

सोलापुरातल्या माणसाला काठी म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. पण माझी नातवंडं बाहेरगावी वाढली, त्यांना काठी म्हटलं की म्हाताऱ्याची काठीच आठवते. म्हणून सांगतो. संक्रांतीला आमच्या ग्रामदैवताची, सिद्धरामाची जत्रा भरते, तिच्यात नंदीध्वज निघतात. त्यांनाच आम्ही काठी म्हणतो. घराच्या वर जाणारा उंच वेळू, त्याला कापड, फुलं, शेंड्याला साज. कमरेला पट्टा बांधायचा, पट्ट्याच्या खोबणीत काठीचा बुडखा ठेवायचा आणि एकट्यानं ती तोलत अनवाणी चालायचं. वाटेत माणसं बदलतात. एका वळणापासून तळ्यापर्यंतचा टप्पा आमच्या घराचा होता. आधी आज्यानं पेलला, मग अप्पांनी. अप्पा म्हणजे माझे वडील. तेलाचं दुकान होतं त्यांचं. घरात कानडी बोलायचे, आणि रागावले की मराठी.

काठीखालच्या माणसाला एकच कायदा, नजर शेंड्यावर ठेवायची. खाली बघितलं की तोल गेलाच म्हणून समजा. खड्डा, दगड, चढ, सगळं तळपायानं ओळखायचं. दिवाळी सरली की सराव सुरू व्हायचा. अप्पा मला साधा वेळू धरायला लावायचे आणि मागून ओरडायचे, "वर बघ की! खाली काय हाय? सोनं सांडलंय व्हय तुझं?"

फुटबॉल मी गिरणीच्या मैदानावर शिकलो. पंचवीस-सव्वीस सालचा सुमार असेल. गिरणीतल्या एका गोऱ्या मास्तराला खेळाचं वेड होतं, संध्याकाळी तो कामगारांच्यात बॉल टाकायचा. बाकीचे बॉलवर डोळे लावून धावायचे आणि एकमेकांच्या टाळक्यावर आपटायचे. मी बॉलकडं बघतच नव्हतो. तो पायाला कळायचा. नजर वर असल्यामुळं कोण कुठं मोकळा उभा आहे ते सगळं दिसायचं. मास्तर चकित झाला. अप्पांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग बॉल कोण बघतं? तुझा बा?"

आमच्या शेजारी तेलुगू विणकराचं घर होतं. त्याचा मेहुणा मलायात, म्हणजे आताच्या मलेशियात, रबराच्या मळ्यावर कामाला होता. रजेवर आला असताना त्यानं माझा खेळ बघितला आणि माझी पाठच धरली. मळ्याचा साहेब म्हणे बॉलसाठी खुळा आहे, चांगला खेळणाऱ्याला गोदामात काम देतो आणि जिल्ह्याच्या लीगमध्ये उतरवतो. मी हुरळलो. त्या वयात कोण हुरळत नाही?

अप्पांना विचारायची छाती होत नव्हती. कारण पुढच्या संक्रांतीपासून तो टप्पा मी पेलायचा असं ठरलेलं होतं. अप्पांचे गुडघे बोलायला लागले होते. घरातला माणूस उभा राहिला नाही तर टप्पा दुसऱ्या घराकडं जातो, आणि गेलेला परत येत नाही. शेवटी विणकराच्या मेहुण्यानंच विषय काढला. अप्पा बराच वेळ तेलाचं माप पुसत बसले. मग म्हणाले, "जाऊ दे त्याला. तवर मी धरतो की काठी."

मद्रास मेलला बसवायला ते आले तेव्हा एवढंच म्हणाले, "पाय जप. पायाला जमीन इसरू देऊ नगंस."

मलायाचं काय सांगू! आजही ते सगळं खरं घडलं का, असं वाटतं. सकाळी मैदानावर इतकं धुकं असायचं की गोलाचे खांब दिसायचे नाहीत. नुसत्या हाका ऐकू यायच्या. तमिळ, चिनी, मलयी, पंजाबी, सगळ्या बोलींतल्या. बॉल धुक्यातून यायचा, पायाला लागायचा आणि परत धुक्यात जायचा. कुणी दिला, कुणाला गेला, देवाला ठाऊक. गवत सदा ओलं, त्यात जळवा. रविवारी लॉरीतून दुसऱ्या गावाला सामन्याला जायचं, वाटेत टिनाच्या जुन्या खाणींत पाणी साचून झालेली तळी चमकायची. मला ती सिद्धरामाच्या तळ्यासारखी दिसायची. डोळे मिटले की काठी दिसे, आणि काठीखाली अप्पा.

मी अनवाणी खेळायचो. आधी लोक हसले, मग बघायला यायला लागले. पण वरच्या लीगमध्ये जायची वेळ आली तेव्हा आमचा कप्तान अडून बसला. तो मळ्यावरचा तमिळ कारकून, बोलायला फटकळ. म्हणाला, "बूट घाल, नाहीतर खालीच खेळ." मी नाही म्हणालो. बूट घातले तर तळपाय मऊ पडणार, जमीन विसरणार, मग काठीचं काय? त्याला काठी समजावता समजावता माझ्या तोंडाला फेस आला. आठवडाभर मी बाहेर बसून नुसता सामना बघत होतो. विणकराचा मेहुणा तेव्हा पुन्हा रजेवर निघाला होता. म्हटलं, अप्पांना विचारून ये.

दोन-तीन महिन्यांनी तो निरोप घेऊन परत आला, तोवर मी खालीच अनवाणी खेळलो. जत्रेत अप्पांना काठीखाली बघून आला होता. वळणावर गर्दीतून याच्याकडं न बघताच, वर नजर ठेवूनच, अप्पा म्हणाले होते, "बूट घाल म्हणावं त्याला. काठी मी धरलीया."

मी गोदामात रबराच्या थप्पीआड जाऊन रडलो. मग बूट घातले.

त्यानंतर मी जो खेळलो तो खेळ काही औरच. आमचा मळा होता त्या पेराकच्या पट्ट्यात लोक मला ओळखायला लागले. हॉटेलात चिनी म्हातारा चहा पुढं करून हसायचा. हंगाम संपला की साहेब म्हणायचा, अजून एक. मी हो म्हणायचो, आणि संक्रांत आली की जेवण जात नसे. आज अप्पा उभे असतील. आज वळण आलं असेल.

मग एका पावसाळ्याच्या शेवटी विणकराच्या मेहुण्यानं सोलापूरची खबर आणली. यंदा टप्प्यात अप्पांचा गुडघा वाकला होता. काठी झुकली, बाजूच्यांनी हात दिला म्हणून वाचली. जत्रेतल्या जाणत्यांनी अप्पांना सांगून टाकलं होतं, येत्या संक्रांतीला मुलगा उभा राहिला तर ठीक, नाहीतर टप्पा दुसऱ्या घराला. आणि इकडं आमचा संघ पहिल्यांदाच फायनलला पोचला होता. फायनल दिवाळीच्या तोंडावर, आणि तोवर थांबलो तर बोटीच्या प्रवासात सरावाचे दिवस जाणार होते.

कप्तान म्हणाला, "एका बांबूसाठी फायनल सोडतोस?"

मी म्हणालो, "होय, बांबूसाठीच."

तो चिडला, शिव्या दिल्या, आणि बंदरापर्यंत माझी पेटी त्यानंच उचलली.

घरी आलो तर अप्पांनी आधी तोंड बघितलं नाही. पाय बघितले. तळव्याला अंगठा लावून म्हणाले, "लोणी झालंय की रं!" आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या चपला गायब. रोज पहाटे तळ्याच्या काठच्या खडीवर साधा वेळू घेऊन चालायचं. तळवे फुटले, चिघळले. आई हळद लावायची आणि अप्पांना कानडीत बोल लावायची. वेळू धरला की मला पायाखाली काही कळायचंच नाही, जणू अजून बूट घातलेत. मला भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. हा माणूस इतकी वर्षं उभा राहिला, आणि मी दहा पावलांत घालवणार.

संक्रांत आली. पांढरी बाराबंदी घालून मी वळणावर थांबलो. रिवाजाप्रमाणं काठी आधी अप्पांनी घेतली आणि मग माझ्या कमरेत दिली. त्यांचे हात सुटले तेव्हा सगळा भार अंगावर आला. शेंडा आभाळात गेला. लोक ओरडले, "हर्र बोला हर्र!" मी चाललो. पहिली काही पावलं नुसती हवेत. शेंडा डुलला, बाया ओरडल्या, हात पुढं आले. कुणीतरी म्हणालं, गेली, गेली!

तेवढ्यात मागून आवाज आला, "वर बघ की!"

आणि उजव्या तळव्याला एक खडा टोचला. नीट टोचला. त्याच्यापुढचा उतार कळला, मग मऊ माती, मग फरशी. शेंडा सरळ झाला. तळ्यापर्यंत मी कुठंही थांबलो नाही.

नंतर लोकांनी सांगितलं की अप्पा तिथंच एका पायरीवर बसले होते. हात सोडले तरी काठी धरल्यासारखेच पुढं राहिले होते. आई म्हणाली, ते हसत होते. विणकर म्हणाला, लहान पोरासारखे रडले. मी अप्पांना विचारलं तर म्हणाले, "तू बघितलं न्हाईस न्हवं? मग झालं."

पुढच्या संक्रांतीला ते नव्हते. मी पुन्हा मलायाला गेलो नाही, पुष्कळ वर्षं तो टप्पा पेलला. आता मुलगा पेलतो. पण डुलकीत ते वळण रोज येतं. मागं पायरीवर अप्पा बसलेले असतात, मला पक्कं ठाऊक असतं. एकदाच मान वळवून त्यांचं तोंड बघावं असं फार वाटतं, आणि काठी कमरेत असते.