सरांच्या नावाचा जीव

हर्षालीचं बेडकांवरचं संशोधन दुसाने सरांनी तिचं नाव वगळून स्वतःच्या नावावर छापलं, तेव्हा तिनं ब्र काढला नाही. पण राग गिळला नव्हता, जपून ठेवला होता. नाशिकच्या कॉलेजात शिकवत, पावसाळे इगतपुरीच्या रानात चिखल तुडवत ती शोधत राहिली. यंदा नवी प्रजाती सापडली. तिला तिनं सरांचंच नाव दिलं.

सर हुरळले. जीव कसला, हेही न विचारता त्यांनी पेढे वाटले, चौकात फ्लेक्स लावला, सत्कार ठरवला.

सत्कारात हर्षालीनं पडद्यावर फोटो दाखवला. रक्त पिऊन टम्म फुगलेली जळू!

"माझं नाव तुम्ही खोडलंत, सर," ती म्हणाली. "हे आता कुणाच्या बापाला खोडता येणार नाही."