सलालाचा पूल

मुलांनो, आजोबा जाऊन सहा आठवडे झाले. परवा टोरांटोहून फोनवर मैत्रेयीने विचारलं, "आजी, मी आले की आजोबांचा सलालाचा पूल दाखवशील?" मी विषय बदलला... म्हणून हे लिहिते आहे. मराठी अडेल तिथे बाबाला विचारा.

ओमानच्या पार दक्षिणेला, सलालाला, आजोबांचा पूल नाही. ते सलालाला कधी गेलेच नव्हते. जे दीड वर्ष ते तिथे पुलाच्या प्रोजेक्टवर आहेत असं तुम्हाला सांगितलं, ते दीड वर्ष त्यांनी मस्कतबाहेरच्या तुरुंगात काढलं. प्रोजेक्टची गोष्ट माझी. कुणाला काय सांगायचं ते मी ठरवलं आणि बाबाकडूनही पाठ करून घेतलं. मला सगळं व्यवस्थित लागतं.

आजोबा सोहारच्या एका कारखान्यात मेंटेनन्स इंजिनिअर होते. क्रेनचा पोलादी वायररोप झिजलाय, बदला, असं त्यांनी लेखी कळवलं होतं. पण अर्बाबला, म्हणजे मालकाला, माल त्याच दिवशी हलवायचा होता. क्रेन ठीक असल्याचा तपासणीचा कागद पुढे सरकवून तो घाईने म्हणाला, "यल्ला इंजिनिअर, सही. खलास." आजोबांनी सही केली. संध्याकाळी रोप तुटला आणि खाली उभा असलेला रत्नागिरीकडचा एक फिटर जागीच गेला. त्याच्या मुलांसाठी कुणाला गोष्ट रचावी लागली नाही. अर्बाबला काही झालं नाही. कागदावर त्याचं नाव नव्हतं, आजोबांचं होतं.

आजोबांच्याच बराकीत एक नावाजलेला कैदी होता, आमच्या मस्कतच्या मराठी मंडळाला देणगी देणारा कंत्राटदार. तो सुटला तेव्हा मंडळाने त्याला स्टेजवर बसवलं. आजोबा सुटल्यावर आम्हाला कार्यक्रमाचा साधा मेसेजही आला नाही. आता आजोबांच्या मागे भेटायला आलेल्या एका बाईंनी हळूच विचारलं, "वहिनी, ते कंत्राटदार शेठ तिथेही घरचं जेवायचे म्हणे?" मी त्यांच्यापुढे चहा ठेवला.

मी तुरुंगात भेटीला गेले की आजोबा काचेपलीकडून तुमचे प्रश्न विचारून घ्यायचे. पूल किती लांब आहे, खाली पाणी आहे का, ट्रक जातात का... एकदा मी वैतागून म्हटलं, कशाला इतक्या खोलात जाता, मुलं विसरतील.

"गोष्ट तुझी आहे," ते म्हणाले, "पण पूल माझा आहे. निदान तो तरी पडायला नको."

तिथल्या वहीत त्यांनी तो पुरा काढला, खांब, मापं, भार सगळं धरून. सुटून आल्यावर मस्कतमधल्या अल् खुवैरच्या आमच्या घरी जेवणाच्या टेबलाशी महिनाभर बसून मोठ्या कागदावर उतरवला. खालच्या कोपऱ्यातली सहीची चौकट मात्र रिकामी ठेवली. बाहेर आल्यापासून ते कशावरच सही करत नसत. कुरिअरवाला आला तरी मला हाक मारायचे, "तू कर."

तो कागद गुंडाळून तुम्हाला पाठवते आहे. चौकटीत मी माझी सही केली आहे.